दहापैकी नऊ

चोरांना मार्क देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मार्क दहापैकी, पेन्सिलीने, चौकटीच्या वहीत, आणि समोर शेरा. 'आळशी काम.' 'डोकं बरं, घाई नडली.' 'ह्याने मनावर घेतलं तर पुढे जाईल.' आणि चोरी कसली, तर त्यांच्या स्वतःच्याच मालाची! दुसरा कुणी असता तर शिव्या दिल्या असत्या, पोलिसात गेला असता, निदान दोन दिवस नीट जेवला तरी नसता. आमचे काका वही काढायचे.

बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत काका आणि त्यांची मोठी बहीण, आक्का, दोघंच राहायचे. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं ती. काका टेलिफोन खात्यातून मुदतीआधीच निवृत्त झाले होते, घरी कॉम्प्युटर आणला होता आणि पत्रिकेचा प्रोग्रॅम लिहिला होता. जन्मवेळ आणि गाव घाला, कुंडली छापून हातात. मुलाची-मुलीची दोन्ही घाला, की छत्तीसपैकी किती गुण जुळतात तेही सांगणार. अठराच्या वर असले तर पुढची बोलणी, खाली असले तर रामराम. वसई-विरारमधले गुरुजी आणि वधूवर मंडळं हे आमचं गिऱ्हाईक, आणि घरोघर जाऊन प्रोग्रॅम बसवून देणं, शिकवणं हे माझं काम, कारण मी काकांकडे नोकरीला होते.

गंमत म्हणजे काकांचा स्वतःचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. "मग लिहिलात कशाला?" मी एकदा विचारलं. "लोक बघणारच आहेत, बाई. निदान बेरीज तरी बरोबर असावी."

हो, मला ते बाई म्हणायचे. मी बावीस वर्षांची, वेणी घालणारी, आणि हे आपले "अहो बाई, बसा, चहा घ्या." पहिल्या दिवशी तर मी मागे वळून बघितलं, कोण बाई आल्यात म्हणून.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. खोडरबर असायचं. त्याचं कारण राजोडीच्या समुद्रावरचा वारा. खारा वारा तो, कशाला म्हणून सोडत नाही. प्रोग्रॅमबरोबर काका काडेपेटीएवढी एक काळी डबी द्यायचे. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची वायर लागते तिथे ती बसवायची आणि डबीच्या पाठीत प्रिंटरची वायर. बाजारात तिला डोंगल म्हणत, काका किल्ली म्हणायचे. प्रोग्रॅम सुरू झाला की तो किल्लीला एक आकडा पाठवायचा. किल्लीच्या पोटात काकांनी स्वतःच्या हाताने बसवलेली चिप त्या आकड्यावर काहीतरी गणित करून दुसरा आकडा परत द्यायची. उत्तर बरोबर आलं तर या, बसा. नाही आलं तर पडद्यावर 'किल्ली लावा', आणि सगळं ठप्प. फ्लॉपीची नक्कल कुणीही करेल, पण डबीची कशी करणार?

फक्त त्या डबीच्या पिना गंजायच्या. "तुमचा प्रोग्रॅम बिघडला हो," असा निरोप आला की काका जायचे, डबी काढायचे, खिशातलं खोडरबर पिनांवर घासायचे, फुंकर मारून परत बसवायचे. चालू! आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आगाशीचे गुरुजी. त्यांनी तर एका दसऱ्याला किल्लीची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, वर फूल. ओलं कुंकू पिनांत गेलं आणि ऐन सणाला यंत्र मुकं झालं. काका दुसऱ्या दिवशी गेले, अर्धा तास घासत बसले आणि म्हणाले, "गुरुजी, कुंकू लावा, जरूर लावा. पण पाठीवर. दातांना नको." गुरुजी इतके हसले की त्यांचं उपरणं खाली पडलं.

किल्लीच्या आधीचे प्रकार मला वहीतून कळले. पहिल्यांदा काका प्रत्येकाला कागदावर एक परवलीचा शब्द देत. एकाने घेतला आणि पाच जणांनी तो कागद झेरॉक्स केला. मार्क एक. शेरा: 'झेरॉक्सला अक्कल लागत नाही.' मग ते आक्कांच्या सुईने त्या मोठ्या, लवचिक फ्लॉपीला ठरावीक जागी टोचू लागले. प्रोग्रॅम आधी ती जखम शोधायचा. नकलेला जखम नसते, तेव्हा नक्कल चालायची नाही. तर नालासोपाऱ्यातल्या एका पठ्ठ्याने, जखम नेमकी कुठे ते कळेना म्हणून, फ्लॉपीची सुईने चाळणच केली! त्याला काकांनी अर्धा मार्क दिला, तोही कष्टाचा.

"चोराला कमी लेखू नये, बाई," ते म्हणायचे. "त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त वेळ असतो."

आणि मग एके दिवशी स्टेशनजवळच्या एका टायपिंग क्लासात आमचा प्रोग्रॅम चालताना मी पाहिला. किल्लीशिवाय! फ्लॉपी मागून आणली आणि घाबरत घाबरत काकांपुढे ठेवली. दोन दिवस ते त्या फ्लॉपीत डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी ओरडले, "आक्का, चहा टाक! बाई, इकडे या, इकडे या! एक अक्षर. अहो, या गृहस्थाने एकच अक्षर बदललंय!"

मला समजावून सांगताना त्यांचे डोळे नुसते चमकत होते. दारावर वॉचमन आहे समजा. तो विचारतो, किल्ली आहे का? असेल तर आत, नसेल तर बाहेर. "याने खोटी किल्ली बनवली नाही. त्याने वॉचमनला शिकवलं, की बाबा रे, उत्तर काहीही येवो, तू आपला आत सोड." वहीत साडेआठ मार्क पडले. आजवरचे सगळ्यात जास्त.

"मग दहाच द्या की," मी म्हटलं.

"दहा कुणालाच द्यायचे नाहीत. पैकीच्या पैकी दिसले की संशय येतो."

पुढच्या आवृत्तीत काकांनी प्रोग्रॅमच्या पोटात एक ओळ लिहून ठेवली. पडद्यावर ती कधी दिसायची नाही. प्रोग्रॅम उसवून बघणाऱ्यालाच दिसणार. 'इथवर आलात, आता चहाला या.' आणि खाली बोळिंजचा पत्ता. मी कपाळाला हात लावला. चार महिने गेले. एका रविवारी दारात एक उंच, सावळा माणूस उभा, चपला आधीच काढून ठेवलेल्या.

"ते... चहाचं लिहिलं होतं," तो म्हणाला.

नायगावच्या एका कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा. टायपिंग क्लास त्याच्या मित्राचा, त्याच्यासाठी हा उद्योग. नवी आवृत्तीही त्याने उसवली होती. काकांनी त्याला दोन तास सोडला नाही. वही दाखवली. साडेआठ बघून तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या रविवारी परत आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. आता खोटं कशाला बोलू? तिसऱ्या रविवारी तो काही चहासाठी आला नव्हता, आणि मला सुट्टी असताना मी तिथे काय करत होते, हेही आक्कांनी बरोबर ओळखलं होतं.

नव्या आवृत्तीत त्यालाही न सापडलेली एक गोष्ट होती. आवृत्ती बाहेर पडायच्या आधीच काकांनी ती मला सांगितली होती. "प्रश्न दारात विचारला की लोक दारच उचलून नेतात. म्हणून मी आता दुसरा प्रश्न माजघरात विचारतो, आणि तोही मुकाट्याने." गुणांची बेरीज होते तिथे खोल कुठेतरी प्रोग्रॅम परत एकदा किल्लीला हाक मारायचा. किल्ली नसली तरी पडद्यावर काही यायचं नाही, चोराला वाटायचं सगळं आलबेल आहे. पण मग करायचं काय? काकांनी आधी असं लिहिलं होतं, की किल्ली नसेल तर गुण गुपचूप सात-आठने कमी करायचे. चोराची फजिती.

आक्का शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे चोरी करायची कुणा जोशीबुवाने आणि लग्न मोडायचं कुणाच्या तरी मुलीचं?"

काकांनी कीबोर्डवरचे हात मागे घेतले. आक्कांना मंगळ होता. त्यांची पत्रिका सात घरी गेली होती आणि सातही घरांतून परत आली होती. ती परत आणायचं काम कॉलेजात असलेल्या काकांचं. "दार उघडायच्या आधीच मला कळायचं," ते मला म्हणाले. "परत येताना वाटायचं, चालतच राहावं, घर येऊच नये." मला भडभडून आलं. त्या वयात मला कसलं काय कळणार, पण एवढं कळलं.

त्याच दिवशी काकांनी ते सगळं पुसून उलटं लिहिलं. किल्ली नसेल तर बेरीज अठराच्या खाली येणार नाही. बत्तिसाच्या वरही जाणार नाही, संशय नको. दोघांची नाडी एक आली, ज्याला सगळे घाबरतात, तर पुढे छापायचं 'दोषपरिहार आहे'. चोरीच्या मालाने निदान कुणाचं वाईट होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

"आणि एखाद्याने पंचांग उघडून ताडून बघितलं तर?"

"ज्याने प्रोग्रॅम चोरला तो पंचांग उघडत नाही, बाई."

झालं काय, तर चोरीच्या कॉपीचा बोलबाला झाला. जूचंद्रला एका जोशीबुवांकडे ती पोचली आणि त्यांच्या ओट्यावर गर्दी मावेना. अर्नाळ्याहून आक्कांकडे मासळी घेऊन येणारी मावशी एकदा पाटी उतरवता उतरवता मला म्हणाली, "तुजा जमत नसंल तं जूचंद्राच्या जोशाकडं जा. त्याचा कंपूटर कुनालाच नाय म्हनत नाय!" काका आतल्या खोलीत तोंडावर टॉवेल धरून हसत होते. उलट आगाशीच्या गुरुजींकडे खरी किल्ली. तिथे मोडायची ती मोडायचीच. त्यामुळे कडक मंडळी आगाशीलाच जायची. तिथे जुळली म्हणजे जुळली.

आणि नेमकी माझ्या नशिबी आली ती कडक मंडळी. त्याच्या आईला मी पसंत होते. पण तिचं स्वतःचं लग्न पत्रिका न बघता झालं होतं आणि तिशीच्या आत कपाळ पांढरं झालं होतं. ती स्वच्छ म्हणाली, "मुलगी सोन्यासारखी आहे. पण आगाशीच्या गुरुजींकडे जुळली पाहिजे. जूचंद्रला तर दगडाधोंड्यांचीही जुळते. नाही जुळली, तर माझ्या जिवाला घोर लावू नका." तिला नावं तरी कशी ठेवायची?

गुरुजींचा प्रोग्रॅम तोच, जो काकांच्या कॉम्प्युटरवर होता. मी आधीच घालून बघितलं. साडेअकरा. एकनाड.

माझी जन्मवेळ पाच मिनिटं पुढे केली. अर्धा तास मागे केली. गाव बदललं. साडेअकरा. परत एकदा. काका कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. "बाई," ते हळूच म्हणाले, "यंत्राला पुन्हा पुन्हा विचारून उत्तर बदलत नाही." मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडले, आणि पडद्यावर मैलभर एकच अक्षर उमटत गेलं.

तो आला तेव्हा म्हणाला, "काका, मला अर्धा तास गुरुजींच्या मशीनपाशी बसू द्या. पुढचं मी बघतो." त्या घरात काकांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. "अजिबात नाही! जन्मभर जिच्या ताटाला ताट लावून बसायचंय, त्या आईशी मुलाने खोटं वागायचं नाही. सुनेनेही नाही. तुम्ही दोघांनी काही म्हणता काही करायचं नाही. कळलं?"

पुढचे दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच आगाशीला गेले. गुरुजींचा निरोप आलेला नव्हता. दुपारी परतले, खिशातून काळी डबी काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजींची किल्ली जुनी झाली होती. दुरुस्तीला आणलीय. आठ दिवस किल्लीशिवाय चालेल अशी फ्लॉपी त्यांना देऊन आलोय."

डबी चांगली कोरी होती. गेल्याच महिन्यात मी ती स्वतः बसवून आले होते. किल्ली नाही म्हणजे बेरीज अठराच्या खाली येणार नाही, हे त्या घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका मोरीत गेले आणि बराच वेळ हात धुत राहिले.

त्याच आठवड्यात त्याची आई आगाशीला जाऊन आली. छापील कागद. साडेबावीस गुण. दोषपरिहार आहे. तिने बोट ठेवून ठेवून बेरीज दोनदा तपासली, आणि मग मला जवळ घेतलं. वैशाखात आमचं लग्न झालं. लावलं आगाशीच्या गुरुजींनीच. काका आले होते, अक्षता टाकल्या, पण सगळा वेळ मंडपाच्या खांबाआड उभे. त्यानंतर ते कधीही आगाशीला गेले नाहीत. गुरुजींचा निरोप आला की खोडरबर माझ्या हातात द्यायचे आणि मला पाठवायचे. नवी आवृत्तीही पुन्हा लिहिली नाही त्यांनी. वही कपाटात गेली. दोन माणसांची इतकी चांगली ओळख माझ्यापायी तुटली, हे मला सलत राहिलं. संसार सुखाचा चालला होता, सासूबाई माझ्यावर जीव टाकत होत्या, म्हणून तर जास्तच सलायचं.

काही वर्षांनी काका गेले. झोपेतच गेले. तेराव्याला आगाशीचे गुरुजी आले, आता काठी टेकत. आक्कांनी कपाटातून वही काढून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे राहू दे. माझ्या काय उपयोगाची?" मी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. तेच अक्षर, तीच पेन्सिल.

'आगाशी. किल्ली मालकाला फसवून काढून नेली. चोर: मी. डोकं लागलं नाही, नुसता विश्वास वापरला. दहापैकी शून्य.'

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गुरुजींनी हात पुढे केला. क्षणभर वाटलं, देऊ नये. पण किती दिवस लपवायचं? दिली. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं.

"शून्य?" ते म्हणाले. "हे चुकलंय."

"गुरुजी, तुम्हाला माहीत नाही, त्या वेळी..."

"मला माहीत नाही?" ते माझ्यावर जवळजवळ खेकसले. "अहो, मी प्रत्येक पत्रिका आधी पंचांगावरून काढतो आणि मग त्या यंत्राला विचारतो. तुमचीही काढली होती. साडेअकरा."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"मग साडेबावीसचा कागद सासूबाईंना दिलात कसा?"

गुरुजींनी काठी भिंतीला टेकवली. "इतकी वर्षं हा माणूस माझ्याकडे यायचा. आला की आधी खिशातून खोडरबर काढायचा. त्या दिवशी खोडरबरला हात लावला नाही, माझ्या नजरेला नजर दिली नाही, डबी उचलली आणि निघाला. म्हटलं, काहीतरी आहे. हा स्वतःसाठी असलं करायचा नाही. मग तुमच्या सासूबाई आल्या, कागद छापून आला, मुलीचं नाव वाचलं, आणि म्हटलं, असं होय! ज्याने आयुष्यभर बेरीज बरोबर ठेवली त्याने एकदा चुकवली, तर ती दुरुस्त करणारा मी कोण?"

"काकांना सांगायचं होतंत हो," मी म्हटलं. "ते तुम्हाला तोंड दाखवत नव्हते."

गुरुजींचा चेहरा पडला. "सांगितलं तर त्यांना लाज वाटेल म्हणून नाही सांगितलं. उद्या सांगू, परवा सांगू. राहून गेलं, बाई."

मग आक्का उठल्या. खुंटीवर काकांचा शर्ट तसाच होता. त्याच्या खिशातून त्यांनी खोडरबर काढून आणलं, झिजून वाटाण्याएवढं झालेलं. गुरुजींनी ते शून्य खोडलं, कागदावर फुंकर मारली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुम्ही द्या."

मी एकचा आकडा काढला. पुढे शून्य काढणार, तेवढ्यात आक्कांनी माझा हात धरला.

"दहा नको गं," त्या म्हणाल्या. "त्याला संशय येईल. नऊ दे."